सुळ्यांमधलं अंतर

आमच्या स्वयंपाकघरात, देवांच्या फोटोंशेजारच्या खिळ्यावर, एका कुत्र्याचं ड्रॉइंग टांगलेलं होतं. चित्र नव्हे, ड्रॉइंग. समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीन दृश्यं, एकास चार प्रमाणात, काळ्या शाईत. खांद्यापाशी उंची ३८० मिलिमीटर. कानाची लांबी ७५. शेपूट, कापलेली, १००. आणि उजव्या कोपऱ्यात एका वर्तुळात 'तपशील अ': उघडा जबडा, वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर २८ मिलिमीटर. पाहुणे देवांना हात जोडायचे आणि डोळे उघडले की कुत्र्यापाशी येऊन अडखळायचे. "हे काय?" असं विचारलं की आई म्हणायची, "ह्यांना विचारा. माझ्याकडे फक्त देव आहेत."

वडील पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर गिअर आणि शाफ्ट काढून माणसाला घरी आल्यावर कंटाळा यावा, तर त्यांना उलट घरातल्या वस्तू मोजायची खाज सुटायची. पोळपाटाचा व्यास त्यांना पाठ होता. मी जन्मले त्या दिवशीची माझी लांबी त्यांनी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवली होती आणि सुईणीच्या आकड्याशी त्यांचं पटलेलं नव्हतं. त्यामुळे कुत्रं घरात आलं आणि बाबांनी सगळ्यात आधी खिशातून टेप काढली, याचं आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही.

हे सगळं सत्तर सालाच्या आगेमागे घडलं. मी दहा वर्षांची होते. आम्ही चिंचवड स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, कंपनीच्या वसाहतीत तळमजल्यावर राहत होतो. वसाहतीच्या मागे सांडपाण्याचा नाला, नाल्यापलीकडे ज्वारीची शेतं, आणि दिवसातून तीनदा सगळ्यांची बोलती बंद करणारा कारखान्याचा भोंगा. कंपनीत नवी यंत्रं बसवायला आलेले एक गोरे साहेब तीन वर्षांनी मायदेशी परत निघाले. त्यांच्या देशात म्हणे बाहेरून आलेल्या कुत्र्याला आजाराच्या भीतीनं सहा महिने कोंडून ठेवत. साहेबांना ते सोसवेना. त्यांनी कुत्रं बाबांच्या हवाली केलं आणि सोबत टाइप केलेलं दोन पानी पत्र दिलं.

कुत्रं फॉक्स टेरियर जातीचं होतं. पांढरंशुभ्र, डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखं, पाठीवर एक काळा डाग. मांडीवर मावेल एवढंच, पण चालायचं असं की जणू वसाहत त्याच्या आजोबांनी बांधली.

बाबांनी चहा घेता घेता पत्राचं मराठी करून आईला ऐकवलं. "ही जात कोल्ह्याला बिळातून हुसकावून काढायला तयार केलेली आहे."

"कंपनीच्या क्वार्टरात मी कोल्हा कुठून आणू?" आई म्हणाली.

"तो उकरणार. उकरणं त्याच्या रक्तात आहे."

"माझी तुळस उकरली तर त्याचं रक्त काढीन."

"जे पकडेल ते गदगदा हलवून मारतो. त्या वेळी तोंडाला फेस येतो, घाबरू नये. तोंडात काही असेल तर तिथं हात घालू नये. लांबून हुकूम करावा."

"आणि शेपूट का तोडली बिचाऱ्याची?"

बाबांनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बिळात अडकला तर धरून बाहेर ओढायला. मूठ आहे ती!"

मूठ म्हटल्यावर बाबा संपले. कुत्र्याला मूठ असते ही गोष्ट त्यांच्यातल्या ड्रॉइंग ऑफिसला इतकी आवडली की त्याच रविवारी त्यांनी मोठा कागद ताणून लावला. मी बिस्किटं भरवत होते, बाबा टेप लावत होते, कुत्रं टेप चावत होतं. जबड्याचं माप घ्यायला मी जांभई देऊन दाखवायची, मग ते जांभई द्यायचं, आणि बाबा झटकन डिव्हायडर लावायचे. डिव्हायडर म्हणजे दोन टोकांचं ते कंपाससारखं हत्यार. कागदावरचं अंतर उचलायचं आणि पट्टीवर नेऊन वाचायचं. साहेबांच्या पत्रातल्या सूचना खाली 'टीप' म्हणून उतरल्या. कोपऱ्यात रीतसर तीन चौकटी होत्या. 'काढले'मध्ये बाबांची सही. 'तपासले'मध्ये माझी, वाकडीतिकडी पण पूर्ण नावानिशी. 'मंजूर'च्या चौकटीत आईनं सही करायला नकार दिला, हात कणकेत होते; म्हणून बाबांनी कागदच तिच्यापुढे धरला आणि तिच्या अंगठ्याचा कणकेचा ठसा घेतला. तो वाळून खरखरीत झाला आणि तिथेच राहिला.

साहेबांनी कुत्र्याला त्यांच्या कुणा काकांचं नाव ठेवलं होतं. वडीलधाऱ्या माणसाच्या नावानं कुत्र्याला हाक मारायची बाबांना लाज वाटे. आईला तसली अडचण नव्हती. ती पहिल्या दिवसापासून त्याला "मेल्या" म्हणायची. मेल्या, पाय पूस. मेल्या, पोळी खा. पंधरा दिवसांत तो त्या हाकेला धावत येऊ लागला आणि वसाहतभर तेच नाव झालं.

आमचं घर शाकाहारी. मेल्याला दूध-पोळी, वरण-भात, आणि आईच्या संकष्टीला साबुदाण्याची खिचडी. तो सगळं खायचा आणि आणखी काहीतरी येणार आहे अशा चेहऱ्यानं बसून राहायचा. भोंगा झाला की मान वर करून भोंग्याबरोबर सूर लावायचा. पहिली पाळी सुटून येणारी माणसं त्याला सलाम ठोकायची. संध्याकाळी बाबांच्या पावलांवर हनुवटी ठेवून झोपायचा, आणि बाबा मुंग्या आल्या तरी पाय हलवायचे नाहीत.

त्याला पहिल्यांदा खरं ओळखलं ते आमच्या दूधवाल्यानं. तो चिखलीहून सायकलला कॅन बांधून यायचा. एक दिवस मेल्या नाल्याकडे नाक करून थरथरत उभा होता, तर दूधवाल्यानं सायकल टेकवली आणि आईला म्हणाला, "वैनी, ह्ये दुधावरचं कुत्रं न्हाई. घुशीवरचं हाय."

"इश्श! आमच्याकडे नाही हो असलं चालत."

"तुमाला न्हाई, पर त्याला चालतं न्हवं? द्या मला. आमच्या कणग्या राखील."

आईनं त्याला उडवून लावलं. आठवड्याभरात मेल्यानं वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या घरात घुसून, गव्हाच्या पोत्यामागून हातभर उंदीर काढला आणि तो आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. सेक्रेटरी म्हणजे वसाहतीच्या कमिटीचे सेक्रेटरी; कंपनीत हिशेब खात्यात होते आणि दोन लहान मुलांचे फार हळवे वडील होते. ते हात जोडत खाली आले. "वहिनी, काय कुत्रा आहे! महिनाभर पिंजरा लावून बसलो होतो मी."

आई मात्र उंबऱ्याकडे बघत पांढरी पडली होती. गावातल्या गणपतीवर तिची अपार भक्ती. दर संकष्टीला ती चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा न पिता उपास करायची. आणि तिच्या दारात देवाचं वाहन मरून पडलं होतं, तिच्या घरच्या पोळीवर वाढलेल्या जनावरानं मारलेलं. तिनं उंबरा तीनदा धुतला. त्या दिवसापासून नियम झाला: मेल्याला साखळी. फिरायला नेतील ते बाबा. मी त्याला सोडायचं नाही, आणि संकष्टीला तर त्याच्या साखळीला हातसुद्धा लावायचा नाही.

"माझ्या गळ्याची शपथ घे," आई म्हणाली. मी घेतली. शपथा मी फार सुंदर घेत असे.

आता मी कशी मुलगी होते ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मला प्रेक्षक लागायचे. शाळेतून घरी येईपर्यंतच्या रस्त्यात काही घडलं नाही तर मी घडवत असे. साधी पडले तरी घरी सांगताना बैल मागे लागायचा. आई म्हणायची, "हिच्या बोलण्यातले बारा आणे सोडून द्या." पण ऐकताना तीही हातातलं काम थांबवायची, हे मी पाहून ठेवलं होतं.

तर एका संकष्टीला, शाळा सुटल्यावर, मी वसाहतीतली नऊ पोरं जमवली आणि त्यांना नाल्याकाठच्या सिमेंटच्या पाइपांवर बसवलं. दोन झुडपांना आईची विटकी साडी बांधून पडदा केला. आई देवळात गेली होती. मी साखळी सोडली. पडद्याआडून मेल्याला घेऊन मी अशी आले की दसऱ्याचा हत्ती आणावा. "बघा हो बघा! साता समुद्रापलीकडचा शिकारी! याला मूठ आहे!"

मेल्याला माझ्या भाषणाची गरज नव्हती. त्यानं एका बिळात तोंड घातलं, मग मान, मग खांदे. मागे माती उडत होती. शेवटी नुसती मूठ आणि मागचे दोन पाय बाहेर उरले. आतून किंचाळण्याचा आवाज आला. मी शेपूट धरली आणि ओढली. पत्रात लिहिलं होतं तस्सं कुत्रं बाहेर आलं, तोंडात मांजराएवढी घूस, आणि ते तिला इतक्या वेगानं हलवत होतं की दोघांच्या कडा दिसेनात. पोरं पाइपांवर उभी राहून ओरडत होती. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला होत्या असं मी समजले.

घूस ढिली पडली. मेल्यानं ती खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तिथं मी थांबले असते तर काही झालं नसतं. पण खेळ संपल्यावर शिकार प्रेक्षकांना उंच धरून दाखवायला हवी, असं मला वाटलं. मी तिला शेपटीनं उचललं.

ती मेलेली नव्हती. अंगाचं वेटोळं करून ती वर आली आणि करंगळीखाली, तळहाताच्या कडेला, तिनं दात रोवले. आणि सोडेना. मी किंचाळले, हात झटकला, ती लोंबत राहिली. पोरं पळाली. तेवढ्यात मेल्यानं उडी मारली, माझ्या हाताला लागून असलेली तिची मान धरली आणि गदगदा हलवली. तेव्हा तिचे दात सुटले. मेल्यानं माझ्या कातडीला स्पर्शही केला नव्हता. पण पळता पळता ज्या पोरांनी मागे वळून पाहिलं त्यांना एवढंच दिसलं: माझा हात, त्याच्यापाशी हिसडे देणारं कुत्र्याचं तोंड, फेस आणि रक्त.

मी घरी आले तेव्हा आई देवळातून येऊन चपला काढत होती. उपाशी, कपाळाला शेंदूर. "काय केलंस हे? कुणी चावलं?"

घुशीचं नाव घेतलं तर साखळी येते. साखळी आली की संकष्टी येते, शपथ येते, आणि तिच्या देवाचं वाहन येतं, तेही माझ्या करमणुकीसाठी मारलेलं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"मेल्यानं," मी म्हणाले. "साखळी हिसकून आला. आपला आपण."

मग मला थांबता येईना. डोळे लाल होते म्हणाले. मला ओळखलंच नाही म्हणाले. शेपूट पायात घालून वेडावाकडा पळत होता म्हणाले, आणि त्याला पायात घालण्याएवढी शेपूटच नव्हती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, औषध भरलं आणि जाडजूड पट्टी बांधली. पोरांनीही आपापल्या घरी कुत्र्याचं तोंड आणि रक्त एवढंच सांगितलं होतं; नाल्यावर घुशीचा खेळ बघत बसलो होतो हे कुणी कबूल केलं नव्हतं, कारण तिकडे जायची त्यांनाही बंदी होती. डॉक्टर बाबांना म्हणाले, "कुत्रा दहा दिवस बांधून ठेवा आणि नजर ठेवा. दहा दिवसांनंतर धडधाकट असला तर मुलीला काही धोका नाही. मध्येच मेला किंवा पिसाळला, तर चौदा इंजेक्शनं. पोटात."

बाबांनी मेल्याला सायकलींच्या शेडमध्ये बांधलं. सहा महिन्यांची कैद चुकवायला ज्याला इथं ठेवलं, त्याला आता दहा दिवस काढायचे होते. तेवढे काढले की दोघंही सुटणार होतो. मी मनातल्या मनात तेच धरून बसले: दहा दिवसांनी आपोआप सगळं नीट होईल, मला तोंड उघडायला नको.

पण शेडची जमीन मातीची होती. मेल्यानं पहिल्याच दिवशी उकरायला सुरुवात केली. नाक सोललं, पंज्यांतून रक्त आलं, तरी थांबेना. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून भुंकून चौथ्या दिवशी त्याचा आवाज बसला. लोक दाराशी जमायचे. "आवाज बदलला, बघा." "माती खातंय." "फेस आहे तोंडाला." वेड लागलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीतरी पाण्याची परात आणली आणि काठीनं आत सरकवली. परात फरशीच्या तुकड्यावरून किरकिरत गेली. मेल्या उडी मारून मागे झाला.

"भ्यालं! पाण्याला भ्यालं!"

"परातीला भ्याला," बाबा म्हणाले. ते आत गेले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि मेल्यानं ते लपालपा प्यायलं. पण तोपर्यंत लोक पांगले होते.

बाबांनी त्या दिवसांत ड्रॉइंग खिळ्यावरून काढून शेडच्या दारावर लावलं. जो येईल त्याला ते टीप दाखवायचे. "हे बघा, उकरतो. लिहिलंय. फेस येतो. लिहिलंय. हे वेडाचं लक्षण नाही हो, जातीचं आहे."

दूधवाला एकटा त्यांच्या बाजूनं होता. "वैनी, ह्ये येडं न्हाई. मला द्या ऱ्हायलेलं दिस. घरी बांधून ठिवतो."

"आणि तुमच्या गावात कुणाला चावलं म्हणजे?" सेक्रेटरी म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांच्या धाकट्याला कडेवर घेऊन उभे होते. सातवा दिवस होता. त्यांच्याबरोबर कमिटीचे तिघे आणि वसाहतीचा वॉचमन होता. त्यांनी घडी घातलेला कागद उलगडला. कुत्र्याचा बंदोबस्त करायला मालकाची हरकत नाही, अशा अर्थाचा अर्ज होता. खाली बाबांच्या सहीची जागा.

"अजून तीन दिवस," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी दहा सांगितलेत."

"तीन दिवसांत साखळी सुटली तर? एकदा सुटलीच आहे ना? तुमची मुलगीच म्हणाली. मला दोन लहान मुलं आहेत हो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये हा असा आपणहून माणसावर येतो असं लिहिलंय का?"

बाबांनी ड्रॉइंगकडे पाहिलं. असं लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी मला बोलावलं, माझ्यासमोर उकिडवे बसले, आणि अगदी हळू विचारलं, "खरं सांग हं बाळ. साखळी त्यानंच सोडवून घेतली? तो आपणहून तुला चावला?"

सहा मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आई दारात उभी होती. शेडमध्ये मेल्या माझा वास लागून कुईकुई करत होता. मी खोटं सांगणार नाही: त्या क्षणीसुद्धा एवढी माणसं माझ्यासाठी श्वास रोखून उभी आहेत, याचं मला बरं वाटत होतं. मी आधी नुसती मान हलवली. मग ओठ थरथरवला. तो थरथरवता यायचा मला, हवा तेव्हा. मग पट्टीचा हात छातीशी धरून म्हणाले, "बाबा, तो मला ओळखतच नव्हता."

बाबांनी सही केली. खिशातल्या पेनानं, सेक्रेटरींच्या पाठीवर कागद ठेवून.

वॉचमननं आमच्याकडून दोरी मागून घेतली. दोरी पाहिली की मेल्याला वाटायचं फिरायला जायचं. तो आनंदानं गेला. मी गच्चीवर पळाले. तिथून दिसत होतं: पुढे वॉचमन, मागे दोघं काठ्या घेऊन, आणि मध्ये शेपूट वर करून तो. नाल्याच्या कडेला एका बिळात त्यानं नाक घातलं. मूठ नुसती थरथरत होती. वॉचमन दोरी ओढत होता आणि तो निघेना. मग त्यांनी त्याला उचललं आणि ज्वारीत नेलं.

अर्ध्या तासानं वॉचमन परत आला. "बाई, तुमची दोरी," म्हणाला. आईनं ती घेतली नाही. तो ती कठड्यावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा कसा आहे?" बाबांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीन दिवस थांबता आलं नाही तुम्हाला? आता तो पिसाळलेला होता की नव्हता, ते कुणी सांगायचं? पिसाळलेला होता असंच मला धरून चालावं लागेल."

चौदा इंजेक्शनं पुण्याच्या सरकारी दवाखान्यात घ्यायची होती, रोज एक. बाबांनी सकाळच्या रजा टाकल्या. दापोडीचा पूल आला की माझं पोट आधीच दुखायला लागायचं. जाड सुई, बेंबीच्या भोवती. रोज थोडी जागा बदलून, कारण कालची सुजलेली असायची. आठव्या दिवशी सुजलेली नाही अशी जागाच उरली नव्हती. मी मोठी नाटकी मुलगी, पण तिथं मला ओरडता यायचं नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला माहीत होतं की यातली एकही सुई गरजेची नाही.

नवव्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाबांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "फार दुखतं का गं?"

"मला मेल्या चावलाच नाही," मी म्हणाले. "घूस चावली. मी साखळी सोडली होती. त्यानं सोडवलं मला."

एवढंच. थरथर नाही, डोळे लाल नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी छोटी गोष्ट सांगितली. खडकी गेलं, दापोडी गेलं. पिंपरी आल्यावर ते म्हणाले, "आता हे खरं, की ते खरं होतं? मला कसं कळायचं?"

घरी आल्यावर त्यांनी माझा हात उजेडात धरला. पट्टी दोन दिवसांपूर्वीच निघाली होती. इतके दिवस जखम पिकून सुजलेली होती, पण आता खपली धरून दोन खुणा स्पष्ट दिसत होत्या. एकमेकींना चिकटून, तांदळाचे दोन दाणे ठेवावेत तशा. बाबांनी पेटीतून डिव्हायडर काढला. दोन टोकं दोन खुणांवर ठेवली. पट्टीवर नेली. चार मिलिमीटर. मग ते ड्रॉइंगपाशी गेले, आता ते पुन्हा देवांशेजारी लागलं होतं, आणि 'तपशील अ'च्या खाली स्वतःच्याच अक्षरात लिहिलेला आकडा त्यांनी बोटानं दाबून धरला. अठ्ठावीस. तो आकडा सातही दिवस शेडच्या दारावर लटकत होता. पोळपाट मोजणाऱ्या माणसानं माझा हात मोजला नव्हता.

सुया थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबांनी डॉक्टरांना मापं दाखवली, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, मोजपट्टीच्या भरवशावर मी मुलीचा जीव टांगणीला लावू? पोरांनी कुत्रा हाताशी पाहिलाय. उरलेल्या घ्या." त्यांचंही बरोबरच होतं. पाच राहिल्या होत्या, पाचही झाल्या.

चौदाव्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं. मला वाटलं, फाडणार. मी तसं म्हणाले.

"चुकलेलं ड्रॉइंग फाडायचं नसतं," ते म्हणाले. "वर दुरुस्ती लिहायची. जुनं दिसत राहिलं पाहिजे. नाहीतर कुठं चुकलो ते पुढच्याला कळत नाही."

वरच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांचा रिकामा तक्ता होता. तिथे त्यांनी शाईनं लिहिलं: 'दुरुस्ती १. जखमेतील अंतर ४ मि.मी. चावा घुशीचा. कुत्रा निर्दोष. माप वेळेवर घेतले नाही.' पुढे सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी त्या ओळीपुढच्या 'तपासले'मध्ये नाव लिहिलं. या वेळी अक्षर सरळ आलं.

"आता आईकडे ने."

आई पोळ्यांची कणीक मळत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. बाबांनी तिला आधी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिनं ती ओळ वाचली. ओठ हलताना दिसले, म्हणजे दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मार खायला तयार होते. तिनं मारलं नाही. संकष्टीबद्दल विचारलं नाही, शपथेबद्दल विचारलं नाही. ती मोरीवर गेली, कोपरापर्यंत हात धुतले, नखांतली कणीक काढली, पदराला पुसले, मग माझ्या हातातून कागद घेतला आणि खिळ्यावर सरळ टांगला.

दुरुस्तीपुढची 'मंजूर'ची चौकट रिकामी होती.

"आई, अंगठा राहिला," मी म्हणाले.

"हात धुतलेत मी," ती म्हणाली, आणि परातीपाशी जाऊन बसली.